साक्षीदार उरला म्हणून

मंडळी, लढाईत शिपाई कामी आला, तर त्याची हकीकत शेजारचा शिपाई घरी सांगतो. पण रात्री, आभाळात पेटलेल्या विमानात काय घडले, ते कोण सांगणार? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बफेकी दलातून सुमारे १,२५,००० जण उडाले. त्यांतले ५५,५७३ प्राणास मुकले. बहुतेकांचे नाव उरले. गोष्ट उरली नाही.

कॅनडाच्या अँड्र्यू मिनार्स्कीची गोष्ट मात्र उरली. कशी, ते पाहू.

मिनार्स्की विनिपेग शहरातला, पोलंडहून आलेल्या आईबापांचा मुलगा. कातडी कापण्याचे काम करून तो घराला हातभार लावी. १९४१ साली तो हवाई दलात शिरला.

१९४४ च्या १२ जूनची रात्र. दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरून सहा दिवस झाले होते. जर्मनांची कुमक रेल्वेने पुढे येऊ नये, म्हणून फ्रान्समधील कांब्रे येथील रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकायचे होते. लँकेस्टर विमानात सात माणसे. विमानाच्या पाठीवर बंदुकीचा फिरता घुमट होता, तेथे मिनार्स्की. शेपटाच्या टोकाला तसाच दुसरा घुमट, तेथे पॅट ब्रॉफी. जर्मन विमानाने त्यांना गाठले. डावीकडची दोन्ही इंजिने बंद पडली, आग लागली. कप्तानाने उड्या टाकण्याचा हुकूम सोडला.

आता यंत्र समजून घेऊ. शेपटाचा घुमट तेलाच्या दाबावर फिरे, आणि तो दाब डावीकडच्या इंजिनाकडून मिळे. इंजिन थांबले, दाब गेला, घुमट वाकडा अडकला. हाताने फिरवायचा दांडाही मोडला. ब्रॉफी आत कोंडला गेला.

मिनार्स्की उडी टाकायच्या दाराशी पोचला होता. त्याने हे पाहिले आणि तो आगीतून रांगत मागे गेला. आधी कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी त्याने खटपट केली. घुमट हलेना. शेवटी ब्रॉफीनेच ‘जा’ म्हणून खुणावले. कपडे पेटलेले, तशात मिनार्स्की दाराशी परतला, ब्रॉफीकडे तोंड करून त्याने सलाम ठोकला आणि उडी घेतली. खाली फ्रेंच लोकांना तो सापडला, पण भाजल्यामुळे दगावला. वय अवघे २७.

आणि ब्रॉफी? विमान जमिनीवर आदळले, त्या धक्क्याने तो बाहेर फेकला गेला आणि वाचला! मिनार्स्कीच्या हातांना यश आले नव्हते. पण ते हात पाहणारा जिवंत राहिला. त्याने हकीकत सांगितली, आणि १९४६ च्या ऑक्टोबरात मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. विनिपेगमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे.

आपल्याकडेही कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाच्या पाट्या आहेत. त्यांवर गावातून किती गेले, किती मेले, एवढाच आकडा असतो. गुरुजनहो, मुलांना ती पाटी दाखवा आणि त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांकडे धाडा. आकडा दगडावर टिकतो. गोष्ट मात्र कोणीतरी सांगावी लागते.