डाव्या खांद्यावरची रायफल

सटाण्यात देवमामलेदारांच्या मंदिराचा कळस दिसेल अशा कुठल्याही जागी उभे राहा. दोन्ही हात समोर ताठ धरा, तळवे जुळवून मध्ये रुपयाएवढा झरोका ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून कळस पाहा. मग एकेक डोळा मिटा. एका डोळ्याला कळस तसाच दिसतो, दुसऱ्याला तो झरोक्याबाहेर सरकतो. ज्याला दिसत राहिला तो तुमचा प्रबळ डोळा. रायफल कोणत्या खांद्याला लावायची, हे आधी त्याच्यावरून ठरवावे.

सुमारे दोन तृतीयांश माणसांचा उजवा डोळा प्रबळ असतो, डावखुरे मात्र दहात एखादाच. म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्या पुष्कळ मुलांचा प्रबळ डोळा डावा निघतो. अशा मुलाने उजव्या खांद्याने नेम धरला, तरी मेंदू डाव्या डोळ्याच्या चित्राकडे ओढ घेतो. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. तिथे ही ओढाताण लगेच भोवते. डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावता येते, नियमांना ती चालते. तरी नवख्या मुलाला डाव्या खांद्यानेच सुरुवात करून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. हात शिकतो. हंगेरीचा पिस्तूल नेमबाज कारोय तकाच याचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून निकामी झाला; डाव्या हाताने त्याने १९४८ आणि १९५२ चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले.

मग प्रश्न उरतो रायफलीचा. इथल्या बागलाण तालुक्यात द्राक्षाची छाटणी करणाऱ्या डावखुऱ्या मजुराला तो समजावून सांगायला नको. नेहमीची कात्री त्याच्या हातात उलटीच बसते. रायफलीचेही तसेच. ती ‘दोन्ही हातांना चालते’ असे विक्रेता म्हणाला, तर स्वतः पारखावी. नळी सुरक्षित दिशेला, रायफल रिकामी असल्याची खात्री, आणि मगच दस्त्याच्या मागून पाहायचे. गालाचा टेकू दोन्हीकडे सारखा आहे का? ग्रिपचा फुगवटा एकाच तळहातासाठी तर नाही?

खरी फसगत सेफ्टीत, म्हणजे ट्रिगर रोखून धरणाऱ्या खटक्यात, होते. ट्रिगरजवळचे आडवे बटण दोन्ही बाजूंनी दिसते, म्हणून ते दोघांचे वाटते. पण बहुतेकदा ते उजवीकडून डावीकडे ढकलले की सेफ्टी निघते. उजव्या हाताची तर्जनी नेमकी तिथेच असते; डावखुऱ्याला बोट ट्रिगरवरून पलीकडे न्यावे लागते. मागच्या बाजूला, मधोमध सरकणारी सेफ्टी मात्र खरोखर दोघांची. नळी मोडून छर्रा भरायच्या एअर रायफलीत डावे-उजवे फारसे उरत नाही, कारण नळी सरळ खाली मोडते. काडतुसाच्या रायफलीत बोल्टची मूठ आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायची खिडकी सहसा उजवीकडेच असते. दस्ता कितीही सारखा असला तरी ती डावखुऱ्याला अर्धीच सोयीची.

नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवले, तेव्हापासून तालुक्यातल्या पालकांनाही हा खेळ जवळचा वाटू लागला असेल. शिकणारी मुले क्लबची एकच रायफल आळीपाळीने वापरतात. स्पर्धेच्या अनेक रायफलींची ग्रिप स्क्रू काढून बदलता येते, आणि डाव्या हाताची ग्रिप वेगळी विकत मिळते. क्लबने ती आधीच घेऊन ठेवावी. डाव्या डोळ्याचे मूल दाराशी आल्यावर मागवली, तर तोवर त्याला उजव्या खांद्याची सवय लागलेली असेल.