फुटबॉलपटूने किती वजन उचलावे? ताकदीच्या मानकांमागचे मेकॅनिक्स

कॉलेजच्या फुटबॉल संघातली मुले जिममध्ये जायला लागली की महिन्याभरात एक प्रश्न घेऊन येतात: 'सर, स्क्वॉट किती हवा? बेंच किती हवी?' त्यांच्या मोबाइलमध्ये एक तक्ता असतो, आणि तो बहुधा दुसऱ्याच खेळाचा असतो. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो हेल्मेट घालून, अंगावर आदळत, लंबगोल चेंडूने खेळतात. तिथल्या व्यावसायिक संघांच्या निवड-चाचणीत खेळाडू २२५ पौंडांचा, म्हणजे सुमारे १०२ किलोचा बार छातीवरून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा उचलतो. पुढच्या फळीतले खेळाडू १३०-१४० किलोचे असतात आणि समोरच्याला ढकलणे हेच त्यांचे काम असते. आपल्या संघातल्या ६० किलोच्या विंगरला तो तक्ता लावणे म्हणजे सायकलच्या चेनला ट्रकच्या चेनचे स्पेसिफिकेशन लावण्यासारखे आहे.

मग आपल्या फुटबॉलसाठी मानक कोणते? त्याआधी खेळ शरीराकडून काय मागतो ते पाहू. पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समधले आवेग, टॉर्क आणि थोडे अंकगणित एवढ्यावर काम भागते.

खेळ काय मागतो

वरच्या दर्जाचा खेळाडू सामन्यात १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. त्यातले बरेचसे चालणे आणि हळू धावणे असते. साधारण दर दीड मिनिटाला एकदा २ ते ४ सेकंदांचा स्प्रिंट येतो आणि सामना बहुतेक वेळा त्याच सेकंदांत ठरतो.

पूर्ण वेगात धावताना पाय जमिनीला सुमारे ०.१० सेकंद टेकतो आणि नंतर शरीर सुमारे ०.१२ सेकंद हवेत असते. म्हणजे एक पाऊल ०.२२ सेकंदांचे. गुरुत्वाकर्षण मात्र पूर्ण ०.२२ सेकंद खाली ओढत असते. धावणारा दर पावलागणिक वर-खाली सरकत जात नाही, म्हणून त्या काळातला खाली जाणारा सगळा आवेग पायाने टेकलेल्या ०.१० सेकंदात परत द्यावा लागतो:

सरासरी उभे बल × ०.१० = वजन × ०.२२

म्हणजे सरासरी बल वजनाच्या २.२ पट. ७० किलोच्या खेळाडूच्या एका पायावर, सेकंदाच्या दहाव्या भागात, सरासरी १५४ किलोचा भार. ही सरासरी आहे, शिखर त्याहून वर जाते. फुटबॉलपटूला पायात ताकद का हवी, याचे उत्तर या एका ओळीत आहे.

पण याच ओळीत एक अडचणही आहे. स्नायूला कमाल बलापर्यंत पोहोचायला साधारण ०.३ सेकंद किंवा अधिक वेळ लागतो आणि मैदान देते ०.१० सेकंद. जिममध्ये तीन सेकंद दात-ओठ खाऊन उचललेले वजन जसेच्या तसे स्प्रिंटमध्ये उतरत नाही. कमाल ताकद हा साठा मानला, तर तो किती झटकन काढता येतो हा वेगळा गुण आहे. त्यासाठी उड्या आणि खरे स्प्रिंट लागतात. साठाच नसेल तर काढणार काय, हेही खरे.

तालीम आणि बैठका

ताकद आणि फुटबॉल यांचे नाते मराठी माणसाला कोल्हापुरात उघड दिसते. तिथल्या स्थानिक फुटबॉलमधली नावे पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाळ तालीम मंडळ. तालीम म्हणजे मातीचा हौदा, वस्ताद, जोर, बैठका आणि मुद्गल. कुस्तीच्या या शहरात पेठांनी तालमींच्याच नावाने फुटबॉलचे संघ उभे केले आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना आजही गर्दी लोटते. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

त्यामुळे बैठकांचा हिशेब करणे योग्य ठरेल. (इथे जबलपुरात मुले 'दंड-बैठक' म्हणतात, माझ्या तोंडून 'जोर-बैठका'च येते. व्यायाम एकच.) बैठकीत गुडघ्याखालचा भाग जवळजवळ स्थिर राहतो. एका पायाची पोटरी आणि पाऊल मिळून शरीराच्या वजनाच्या सुमारे ६ टक्के, म्हणजे दोन्ही पायांचे १२ टक्के. उरलेले ८८ टक्के वजन आपण वर-खाली करतो. ६० किलोच्या मुलासाठी ते सुमारे ५३ किलो, प्रत्येक पायावर साडेसव्वीस. स्प्रिंटमध्ये त्याच्या एका पायावर सरासरी १३२ किलो येणार आहेत. साध्या बैठका कितीही काढल्या तरी भार तेवढाच राहतो, वाढते ती सहनशक्ती. पहिलवानाला ती लागते, फुटबॉलपटूलाही लागते, पण ती कमाल ताकद नव्हे.

जिममध्ये कमाल ताकद अंदाजण्यासाठी एक सूत्र सर्रास वापरतात. ते अमेरिकी प्रशिक्षक बॉइड एप्ली यांच्या नावाने ओळखले जाते:

कमाल वजन = उचललेले वजन × (१ + आवर्तने ÷ ३०)

८० किलो ५ वेळा उचलले तर कमाल अंदाज ९३ किलो. आता हेच सूत्र ५०० बैठकांना लावा: ५३ × १७.७, म्हणजे सुमारे ९३६ किलो! सूत्र बिघडलेले नाही, ते आपण त्याच्या हद्दीबाहेर नेले. दहाच्या वर आवर्तने गेली की त्याच्यावर विसंबू नये. प्रयोगातून आलेल्या प्रत्येक सूत्राला अशी हद्द असते. परीक्षेत ती कोणी विचारत नाही, ही आपल्या अभ्यासक्रमाची उणीव आहे असे माझे मत आहे.

ज्यांच्या वसतिगृहात बारच नाही त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब. एका पायावर बैठक मारली तर दुसरा पाय पूर्णपणे भारात येतो आणि फक्त टेकलेल्या पायाची पोटरी वगळली जाते. म्हणजे एका पायावर ९४ टक्के. दोन पायांवर तेवढाच भार प्रत्येकी यायचा असेल तर एकूण १८८ टक्के हवा. त्यातले ८८ टक्के शरीराचे, उरलेले १०० टक्के बारवर. थोडक्यात, एका पायाची बैठक ही खांद्यावर स्वतःच्या वजनाइतका बार घेऊन मारलेल्या स्क्वॉटच्या जवळपास आहे. तोल सांभाळण्याची कसरत वेगळी, म्हणून सुरुवातीला खिडकीचा गज किंवा मित्राचा खांदा धरावा.

'दीडपट' म्हणजे नेमके काय

प्रशिक्षकांच्या बोलण्यात स्क्वॉटसाठी शरीराच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट असा आकडा येतो. २००४ साली नॉर्वेतल्या विस्लॉफ आणि सहकाऱ्यांनी १७ अव्वल फुटबॉलपटूंची मोजणी प्रसिद्ध केली. खेळाडूंचे सरासरी वजन ७६.५ किलो आणि अर्ध-स्क्वॉटची सरासरी कमाल सुमारे १७२ किलो, म्हणजे सव्वादोन पट. ज्यांचा स्क्वॉट जास्त ते १० मीटरच्या स्प्रिंटमध्ये वेगवान, हा संबंध तिथे फार घट्ट निघाला. खेळाडू १७ होते आणि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे ध्यानात ठेवून तो निष्कर्ष वापरावा.

दुसरी गोष्ट खोलीची. तो स्क्वॉट गुडघा ९० अंशांत येईपर्यंतचा होता. मांडी जमिनीला समांतर होत जाते तशी गुडघ्यापासून आणि खुब्यापासून भाररेषेची आडवी अंतरे वाढतात, टॉर्क वाढतो आणि उचलता येणारे वजन घटते. जिममध्ये 'मी १४० मारतो' म्हणणाऱ्याला आधी खोली विचारा. चार इंच वाकून मारलेले १४० आणि पूर्ण खाली जाऊन मारलेले १०० यांची तुलना होत नाही.

तिसरी गोष्ट भागाकाराची. स्नायूचे बल त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, वस्तुमान मात्र घनफळावर. म्हणून सारख्या बांध्याच्या माणसांत ताकद वस्तुमानाच्या २/३ घाताने वाढते, सरळ प्रमाणात नाही. उदाहरण घेऊ. ६० किलोचा विंगर १०५ किलो उचलतो, ८० किलोचा सेंटर-बॅक १२८ किलो. सरळ गुणोत्तरे १.७५ आणि १.६०, विंगर सरस. पण ६० चा २/३ घात १५.३ आणि ८० चा १८.६. आता उत्तरे ६.८५ आणि ६.८९ येतात. दोघेही आपापल्या आकाराला तितकेच बलवान. सेंटर-बॅकला 'दीडपटीच्या वर जेमतेम आहेस' म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरते.

मग सरळ गुणोत्तर टाकून द्यावे का? नाही. त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान, म्हणून पहिल्या दहा मीटरचा प्रश्न असेल तेव्हा सरळ गुणोत्तरच बोलते. खांद्याला खांदा भिडतो तेव्हा संवेग बोलतो आणि तिथे ८० किलोवाला भारी पडतो.

स्क्वॉट जे मोजत नाही

युरोपातल्या अव्वल क्लबांच्या दीर्घ पाहणीत २००१-०२ च्या हंगामात एकूण दुखापतींपैकी सुमारे १२ टक्के मांडीमागच्या स्नायूंच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या होत्या. २०२१-२२ मध्ये हा वाटा २४ टक्क्यांवर गेला. इतके पैसे, इतके फिजिओ असलेल्या क्लबांत. धावताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा हॅमस्ट्रिंग पोटरीला ब्रेक लावते. ती ताणली जात असतानाच जोर लावत असते आणि फाटते ती बहुधा तिथेच. स्क्वॉटच्या आकड्यात या ब्रेकची परीक्षा होत नाही.

ती होते नॉर्डिक व्यायामात. गुडघे टेकून उभे राहायचे, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि कंबर न मोडता शरीर हळूहळू पुढे झुकवायचे. ६० किलोच्या मुलाचे गुडघ्यावरचे वजन सुमारे ५३ किलो, म्हणजे ५१९ न्यूटन. गुरुत्वमध्य गुडघ्यापासून साधारण ०.६ मीटरवर. उभ्या रेषेपासून ३० अंश झुकल्यावर टॉर्क ५१९ × ०.६ × ०.५ = १५६ न्यूटन-मीटर. ६० अंशांवर तोच २७०. बहुतेकांचे शरीर मध्येच धप्पकन का पडते ते यातून कळते. पहिल्या दिवशी ३५-४० अंशांवर सुटले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, हात पुढे तयार ठेवा म्हणजे झाले. सुटण्याचा कोन दर आठवड्याला वहीत लिहा. माझ्या दृष्टीने फुटबॉलपटूसाठी हा कोन बेंच प्रेसच्या आकड्यापेक्षा कितीतरी कामाचा आहे.

डेन्मार्कमध्ये ५० संघांच्या ९४२ खेळाडूंवर याचा प्रयोग झाला, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दहा आठवडे नॉर्डिक आणि पुढे आठवड्यातून एकदा करणाऱ्या गटात हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, नेहमीचाच सराव करणाऱ्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ५२. फिफाच्या '११ प्लस' या सुमारे २० मिनिटांच्या वॉर्मअपमध्येही हा व्यायाम आहे. त्याची मोठी चाचणी नॉर्वेतल्या शाळकरी वयाच्या मुलींवर झाली होती आणि गंभीर दुखापती लक्षणीय घटल्या होत्या. मुलींच्या संघाला 'वजने नंतर बघू' म्हणणाऱ्या प्रशिक्षकांनी हे वाचावे. मुलींनाही हीच गुणोत्तरे, हीच वही.

आठवड्याची मांडणी फार गुंतागुंतीची नको. हंगामाबाहेर दोन-तीन सत्रे, हंगामात एक किंवा दोन, सामन्याच्या आदल्या दिवशी नाही. प्रत्येक सत्रात एक स्क्वॉट किंवा एका पायाची बैठक, एक डेडलिफ्टसारखी उचल, थोडे नॉर्डिक, काही उड्या. कमालीच्या सुमारे ८० ते ८५ टक्क्यांवर ४-६ आवर्तने पुरतात. प्रत्यक्ष कमाल वजन आजमावण्याची गरज नाही, वरचे सूत्र आहेच. नवख्याने पहिले दोन महिने आकडा विसरून खोली आणि पाठ सरळ ठेवणे एवढेच पाहावे. नॉर्डिकमुळे सुरुवातीला मांड्या दोन दिवस ठणकतात, म्हणून पहिल्या आठवड्यात पाच-पाचचे दोन सेट, तेही एकदाच.

स्वाध्याय

१. एक मिडफिल्डर, वजन ५२ किलो, ६० किलोचा बार ६ वेळा उचलते. एक डिफेंडर, वजन ६४ किलो, ७० किलोचा बार ६ वेळा उचलते. खोली सारखीच आहे. दोघींची कमाल ताकद काढा, मग सरळ गुणोत्तर आणि २/३ घाताचे गुणोत्तर काढा. दोन्ही पद्धतींत क्रम उलटा का लागतो ते लिहा. दहा मीटरच्या स्प्रिंटसाठी यांतले कोणते उत्तर वापराल?

२. पाय ०.१० ऐवजी ०.१३ सेकंद टेकला आणि हवेतला काळ ०.१२ सेकंदच राहिला, तर सरासरी उभे बल वजनाच्या किती पट होईल?