जॅझवृंदाची परीक्षा

परीक्षा म्हटली कीं उत्तीर्ण व अनुत्तीर्ण असे दोनच निकाल आपणांस ठाऊक असतात. अमेरिकेस शिकावयास गेलेल्या मुलीनें तेथील विद्यापीठाच्या जॅझवृंदासाठीं परीक्षा दिल्याचें कळविलें, तर घरांतील वडील मंडळींचा पहिला प्रश्न ‘निवड झाली ना?’ हाच असावयाचा. परंतु ही परीक्षा निराळ्या जातीची आहे. म्हणून तिचें स्वरूप येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॅझ हें अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं घडविलेलें संगीत. विद्यापीठांत त्यास मान मिळण्यास पुष्कळ काळ लागला. टेक्सास संस्थानांत डेंटन येथें आज ज्यास नॉर्थ टेक्सास विद्यापीठ म्हणतात, तेथें १९४७ सालीं या विषयाची पदवी सुरू झाली. ‘जॅझ’ हा शब्द प्रतिष्ठितांस रुचत नसल्यामुळें अभ्यासक्रमास ‘नृत्यवृंद’ असें सोज्वळ नांव द्यावें लागलें. ज्यांनीं हें संगीत निर्माण केलें, त्यांच्या मुलांस मात्र त्या वेळीं तेथें प्रवेशही नव्हता!

पूर्ण वृंदांत बहुधा पांच सॅक्सोफोन, चार-पांच ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन आणि त्यांच्या जोडीस पियानो, बास, ड्रम व गिटार असतात. म्हणजे जागा सतरा-अठराच. त्यांसाठींच्या परीक्षेचीं सामान्यतः तीन अंगें असतात.

पहिलें अंग, आधीं दिलेले उतारे वाजविणें. येथें बोटांची तयारी दिसतेच. पण परीक्षकाचें लक्ष लयीच्या झोक्याकडे असतें. कागदावर सारखे लिहिलेल्या दोन स्वरांपैकीं पहिला किंचित् लांबवावयाचा असतो. किती, तें कोणत्याही कागदावर लिहिलेलें नसतें. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकूनच तें अंगीं मुरतें.

दुसरें, न पाहिलेली स्वरलिपि समोर ठेवतांच वाजविणें. येथें एखादा स्वर चुकल्यास क्षमा आहे. तो सुधारण्यासाठीं थांबल्यास नाहीं. वृंद कोणासाठीं थांबत नसतो.

तिसरें, उत्स्फूर्त वादन. त्यासाठीं बहुधा ‘ब्लूज’ देतात: चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचें एक आवर्तन. षड्ज, मध्यम व पंचम यांवर उभारलेले स्वरसमूह त्यांत ठरलेल्या जागीं येतात. ती चौकट मनांत धरून स्वतःचें कांहीं बोलावयाचें. तानांचा पाऊस पाडणारा मागें पडतो आणि साथीदारांचें ऐकून मोजकें वाजविणारा पुढें जातो, असेंही घडतें.

वाचन आणि श्रवण या दोन्ही गुणांची जोड आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून स्वरलिपि शिकलेल्या वादकांनीं १९३० नंतर मुंबईच्या हॉटेलांतील जॅझवृंद आणि पुढें चित्रपटांचे वाद्यवृंद याच बळावर गाजविले.

आतां निकालाविषयीं. डेंटन येथें एकच वृंद नाहीं. अनेक आहेत, आणि तालमीच्या वेळेवरून त्यांस नांवें पडलीं आहेत. ‘एक वाजतांचा’ वृंद सर्वांत वरचा, ‘दोन वाजतांचा’ त्याच्या खालचा, याप्रमाणें. तेथें परीक्षा म्हणजे नुसतें दार बंद करणें नव्हे, तर जागा ठरविणें होय. वरच्या वृंदांत कोपऱ्यांत बसण्यापेक्षां खालच्या वृंदांत प्रमुख ट्रंपेट वाजवून विद्यार्थिनी कित्येकदां अधिक शिकते, आणि पुढें पुन्हां परीक्षा देण्यास ती मोकळी असते.

म्हणून आमची वडीलधाऱ्यांस विनंति एवढीच कीं, मुलीनें खालच्या वृंदाचें नांव सांगितल्यास सुस्कारा टाकूं नये. दूर देशीं एकटीनें सराव करणाऱ्या मुलीच्या हातून वाद्य सुटावयास तेवढा सुस्कारा पुरतो. त्यापेक्षां, तालमींत काय बसवीत आहां, हें विचारावें. आणि जमल्यास तें तिच्याकडून ऐकावें.