स्कुबाची फी नेमकी कशाची?

हंगामात मालवणच्या धक्क्यावर उतरलात तर समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतो, आणि त्याच्याही आधी दिसतात ते फलक. ‘स्कुबा डायव्हिंग. पोहता येण्याची गरज नाही. फोटो, व्हिडिओ मोफत.’ खाली दर. चार पावले पुढे गेलात की दुसरा फलक, दर शंभराने कमी. मग बरोबरची मंडळी घासाघीस सुरू करतात. आम्ही आठ जण आहोत, बोला, किती लावणार? मासळीबाजारात हे शोभते. तिथे पापलेट समोर असते, कल्ले उचलून पाहता येतात. इथे आपण काय विकत घेतो आहोत, ते डोळ्यांना दिसतच नाही.

पहिली गोष्ट शब्दांची. माझा धंदाच शब्दांचा, म्हणून ती आधी सांगतो. फलकावर जे असते ते शिक्षण नव्हे, नुसती तोंडओळख आहे. जाणकार माणूस तुम्हाला धरून पाण्याखाली नेतो, मासे दाखवतो, वर आणतो. तुमचा सगळा भार त्याच्यावर. याला खरोखरच पोहता येण्याची अट नसते. शिक्षण म्हणजे ‘ओपन वॉटर’ कोर्स. तो साधारण तीन-चार दिवस चालतो. आधी धडे, मग तलावात किंवा उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डुबक्या. २०० मीटर पोहून दाखवावे लागते, १० मिनिटे तरंगत राहावे लागते. तेव्हा कुठे जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत उतरण्याचे कार्ड हाती पडते. १९६६ मध्ये स्थापन झालेली पॅडी ही संस्था आणि तिच्यासारख्या आणखी काही संस्था ही कार्डे देतात. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे असे कोर्स होतात. तोंडओळख हजार-दोन हजारांत होते; कोर्सला अंदमानात पंचवीस-तीस हजार सहज लागतात. आणि घरी परतल्यावर दोघेही म्हणतात, ‘आम्ही स्कुबा केला!’

एवढे पैसे कशाचे, हे कळायला थोडे पाण्याखाली जावे लागेल. पाठीवरच्या नळकांड्याला आपण ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतो. त्यात असते आपलीच साधी हवा, गाळून, दाबून भरलेली. १० मीटर खाली पाण्याचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. तिथे तुम्ही छातीभर श्वास घेतलात आणि तो रोखून वर आलात, तर तीच हवा फुगून दुप्पट होऊ पाहते. रॉबर्ट बॉइलने हा नियम १६६२ मध्ये मांडला. छातीच्या पिंजऱ्यालाही तो चुकत नाही. फुप्फुस फाटू शकते, आणि त्यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही, दोन मीटरही पुरतात. म्हणून या विद्येतला पहिला धडा एकच : श्वास कधीही रोखू नका.

आणि घाबरलेला माणूस नेमके तेच करतो. ‘दम धर’ ही आपल्या भाषेतली किती जुनी, वडीलधारी शिकवण! पाण्याखाली तीच जीव घेऊ शकते.

जन्मभराची ही सवय मोडायची तर ती व्याख्यानाने मोडत नाही. तोंडातली नळी काढायची, पुन्हा लावायची, मधल्या वेळात बारीक बुडबुडे सोडत राहायचे. डोळ्यांवरच्या मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचे आणि नाकातून फुंकून ते बाहेर काढायचे. उतरताना नाक चिमटीत धरून कान मोकळे करायचे. कुणाला हे पहिल्या खेपेला जमते, कुणाला सहाव्या. त्या सहाव्या खेपेलाही ज्याच्या कपाळावर आठी पडत नाही, असा उस्ताद मिळणे, फी असते ती याची.

आता दर उतरला तर काय कमी होते ते पाहा. डिझेल कमी होत नाही. कार्ड देणाऱ्या संस्थेचे पैसे चुकत नाहीत. कमी होतो तो वेळ, आणि वाढतात ती एका शिक्षकामागची डोकी. पॅडीच्या नियमाप्रमाणे समुद्रात तोंडओळखीच्या वेळी एका प्रशिक्षकामागे चारच जण चालतात. कोर्समध्ये आठ, मदतनीस असेल तर थोडे अधिक. ही कमाल मर्यादा झाली. एकाच माणसाला दोन हात आहेत आणि समोर चार घाबरलेले जीव, हे गणित ज्याने त्याने करावे. त्यानंतर कात्री लागते ती देखभालीला : श्वासाच्या यंत्राची वेळेवर दुरुस्ती, नळकांड्यांची तपासणी, हवा भरणाऱ्या कंप्रेसरची गाळणी. त्या कंप्रेसरच्या तोंडाशी इंजिनाचा धूर येत असेल तर तो धूरही नळकांड्यात भरला जातो.

महाग ते चांगले, असेही मी म्हणणार नाही. थायलंडमधले को ताओ हे बेट स्वस्त कोर्ससाठी प्रसिद्ध आहे, तिथे उत्तम शिकवणारेही आहेत. माणसे इतकी येतात की होड्या रोज भरून निघतात, म्हणून परवडते. आपल्याकडे पावसाळ्यात सगळे बंद. वर्षाचे उत्पन्न आठेक महिन्यांत काढायचे. मालवणच्या या धंद्यातली कित्येक मुले मच्छीमारांच्या घरची, बाप-आजा रापण ओढणारे. पाण्याची त्यांची जाण पुस्तकी नाही. आपण शंभर रुपये पाडून घेतो ते त्यांच्या पोटातून आणि आपल्याच श्वासातून. दरयुद्धात त्यांच्यातला जो नीट शिकवतो, तोच आधी मागे पडतो. याचे मला जास्त वाईट वाटते.

मग विचारायचे काय? पाण्यात माझ्याबरोबर कोण असेल, त्याचे कार्ड कुठले, त्याच्याकडे एका वेळी किती जण? कोर्स असेल तर पुस्तक, कार्ड, होडी हे सगळे दरात धरले आहे की मागाहून सांगणार? दमा, हृदय, कान यांची चौकशी करणारा अर्ज भरून घेता का? आणि होडीत जाकिटे किती? २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली, दोघांचा जीव गेला. पाण्याखालून ती माणसे सुखरूप वर आली होती.

एक प्रश्न मात्र शिक्षकाने आपल्याला विचारायला हवा : ‘परत कसे जाणार?’ खोल डुबकीत रक्तात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी उंचावर गेले तर त्याचे बुडबुडे होतात. म्हणून एका डुबकीनंतर १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास तरी विमानात बसू नये, असा दंडक आहे. तारकर्लीच्या उथळ, काही मिनिटांच्या ओळखीत हा धोका फारसा नसतो. पण चार दिवस कोर्स करून त्याच संध्याकाळी आंबोलीचा घाट चढून कोल्हापूर गाठायचे असेल, तर ते त्याला सांगा. चांगला शिक्षक म्हणेल, आजची रात्र इथेच राहा, सकाळी निघा.