बंदुकीला तेल कोणते लावावे?

पावसाळा सरत आला की परवानाधारक बंदूक-दुरुस्तीच्या दुकानांत काम वाढते. कोकणातून शेती-संरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुका येतात, घाटावरून बारा बोअरच्या दोननळ्या येतात. नळीत लाल गंज, घोडा ओढताना खरखर, आणि गिऱ्हाइकाचे ठरलेले वाक्य: "उस्ताद, तेल तर मी नेमाने लावत होतो." तो खोटे बोलत नसतो. तेल लावलेले असते, पण ते मिठावर लावलेले असते.

ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ठासणीच्या बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वजनाचा घन मळ मागे उरतो आणि त्यात क्षार असतात. जुन्या पद्धतीच्या केपांत पोटॅशियम क्लोरेट असे. त्यापासून जो क्षार बनतो तो जवळजवळ खाण्याच्या मिठाचाच भाऊ. हवेतला ओलावा ओढायचा आणि पोलाद खायचे, हे त्याचे काम. हे क्षार तेलात किंवा रॉकेलमध्ये विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून वर तेल चोपडले की खाली गंज खुशाल चालू राहतो.

तेव्हा ठासणीच्या नळीला पहिले औषध म्हणजे गरम पाणी आणि थोडा साबण. अनेक कारागीर पोलादाला पाणी लावायला घाबरतात. भीती रास्त आहे, पण पाणी चांगले कढत असले की नळी तापते आणि पुसल्यावर लवकर वाळते. कोरड्या चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत फिरवाव्यात, आणि मगच तेल. त्याआधी, अर्थातच, बंदूक रिकामी आहे याची खात्री. ठासणीच्या बंदुकीत हे नुसते पाहून कळत नाही. गज आत टाकावा, तोंडाशी खूण करावी, आणि तेवढीच लांबी बाहेरून नळीवर धरून पाहावी. गज बुडापर्यंत गेला नसेल तर आत काहीतरी आहे. गिऱ्हाईक "रिकामी आहे" म्हणाला यावर कोणी विसंबू नये.

बारा बोअरची तऱ्हा निराळी. आजच्या काडतुसांच्या दारूचा धूर कमी आणि केपही बहुधा क्षार न सोडणारी. इथे मळ असतो तो जळक्या दारूचा, शिशाचा आणि प्लॅस्टिकच्या डाटाचा. पितळी किंवा ब्राँझचा ब्रश आणि रॉकेल एवढ्यावर बहुतेक काम निभते. मात्र रॉकेल हे धुण्यासाठी आहे, राखण्यासाठी नाही. ते उडून गेल्यावर उघडे पोलाद उरते, म्हणून ते पुसून वर तेल हवेच.

बाजारात तांब्याचा मळ काढणारी अमोनियाची द्रावणे महाग मिळतात. ती रायफलीसाठी आहेत, कारण रायफलीच्या गोळीवर तांब्याचे वेष्टण असते. छर्ऱ्याच्या बंदुकीत तांबे येणार कुठून? दोननळीच्या मालकाला ही बाटली विकणे म्हणजे त्याचे पैसे फुकट घालवणे. रायफलीत वापरताना ब्राँझच्या ब्रशऐवजी नायलॉनचा घ्यावा, नाहीतर ब्रशचेच तांबे विरघळून चिंधी निळी निघते आणि माणूस दिवसभर घासत बसतो.

पेट्रोलने धुण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीवरून सरकत जाते आणि लांबच्या शेगडीवर पेट घेते. शिवाय त्यातले बेंझिन रक्ताला घातक आहे. थिनरने दस्त्याचे पॉलिश जाते. कार्बन टेट्राक्लोराइड एकेकाळी सर्रास वापरत. ते यकृत निकामी करते. जुना डबा कुठे कोपऱ्यात असेल तर उघडूसुद्धा नये.

आता तेल. यंत्राला देतात ते शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल घोड्याच्या आतल्या कळांना चांगले चालते. एक-दोन थेंब पुरे. जास्त झाले की धूळ धरते आणि चिकट गाळ बनतो. खोबरेल वापरू नये, थंडीत गोठते. जवसाचे तेल हवेत सुकून वार्निश होते, त्यामुळे ते लाकडी दस्त्याला उत्तम आणि कळांना वाईट. पण जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत. त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवाव्यात. दोननळीच्या बिजागरीला तेलापेक्षा बोटभर नव्हे, नखभर ग्रीस बरे.

डब्ल्यूडी-४० हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. १९५३ साली अमेरिकेत ते निघाले ते पाणी हटवण्यासाठी. नावातच तसे आहे. धुतल्यानंतर ओल काढायला झकास, पण पावसाळाभराचे राखण त्यावर सोपवू नये. आणि भरलेल्या काडतुसांजवळ असली झिरपणारी तेले नकोत. केपेत शिरली तर बार होत नाही.

काही गिऱ्हाइके विचारतात, ग्रीसमध्ये चरबी कसली? प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. १८५७ मध्ये एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांवरील वंगणात गाई-डुकराची चरबी असल्याच्या बातमीने काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण लावावे, असे सरकारने त्याच वर्षी जानेवारीत ठरवले होते, पण तोवर विश्वास उडाला होता. आजची बहुतेक तेले खनिज आहेत. लिथियम ग्रीसमधला साबण बहुधा एरंडेलापासून काढलेल्या आम्लाचा असतो. सर्वच ग्रीसांचे असे सांगता येत नाही. दुकानदाराने पुरवठादाराकडून घटक लेखी मागवून ठेवावेत.

दुसऱ्याची बंदूक धंदा म्हणून दुरुस्त करायला १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली परवाना लागतो. आपली स्वतःची पुसायला मालकाला लागत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाला दोन गोष्टी शिकवूनच बंदूक परत द्यावी. तेल दस्त्यात उतरून लाकूड कुजू नये म्हणून बंदूक तोंड खाली करून ठेवायची, आणि पावसाळ्यात कातडी गवसणीत कोंडायची नाही. निवडणुकीत ठाण्यात जमा करावी लागली तर आदल्या दिवशी धुऊन, नळीला आतबाहेर ग्रीसचा पातळ हात देऊन मगच न्यावी. परत आल्यावर बार करण्यापूर्वी ते ग्रीस पूर्ण पुसून काढायचे, हेही त्याला सांगावे.