पंप विकत घेणे आणि पंप चालू ठेवणे

गहू पेरल्यानंतर सुमारे एकवीस दिवसांनी रोपाच्या बुंध्याशी, जमिनीच्या अगदी लगत, नवी मुळे फुटू लागतात. कृषिशास्त्रात हिला मुकुटमुळे फुटण्याची अवस्था म्हणतात. गव्हाला जितक्या पाळ्या द्यावयाच्या असतात त्यांत या वेळची पहिली पाळी सर्वांत महत्त्वाची मानली जाते. या दिवसांत जमीन कोरडी राहिली तर फुटवे कमी येतात, आणि पुढे कितीही पाणी दिले तरी झालेली हानी पूर्णपणे भरून निघत नाही. वाराणसी आणि तिच्या आसपासच्या जिल्ह्यांत भाताची कापणी उरकल्यावर गहू पेरला जातो. पेरण्या थोड्याफार अंतराने एकाच सुमारास होत असल्यामुळे पहिल्या पाण्याची निकडही सर्वांना एकाच सुमारास लागते. नेमक्या याच आठवड्यात पंप बंद पडला तर तो किती स्वस्त मिळाला होता, या गोष्टीला काही अर्थ उरत नाही.

यास्तव पंप, फवारणी यंत्र, कडबा कापण्याचे यंत्र किंवा लहान जनित्र यांसारखी उघड्यावर राबणारी यंत्रे कोठून विकत घ्यावीत, हा प्रश्न केवळ किमतीचा नाही. गावाजवळच्या विक्रेत्याकडून घ्यावीत, की दूरच्या मोठ्या दालनातून, याचा विचार करताना दोन्ही ठिकाणी प्रत्यक्षात काय विकले जाते हे प्रथम पाहिले पाहिजे. वाराणसीच्या परिसरातील पंपाचे उदाहरण त्यासाठी विशेष उपयोगी आहे.

उथळ पाण्याचा प्रदेश

वाराणसी जिल्हा गंगेने आणलेल्या गाळाच्या मैदानात वसलेला आहे. महाराष्ट्रात विहीर म्हटली की काळा पाषाण फोडण्याचे कष्ट डोळ्यांपुढे येतात. गंगेच्या मैदानात मात्र मऊ गाळात नळ उतरवून थोडक्या खर्चात कूपनलिका तयार होते. उत्तर प्रदेश शासनाने १९८५ सालापासून लहान व सीमांत शेतकऱ्यांसाठी निःशुल्क बोअरिंगची योजना राबविली, आणि राज्याच्या पूर्व भागात डिझेल इंजिनावर चालणारे पंप झपाट्याने पसरले. विजेचा पुरवठा त्या काळी अनिश्चित होता. डिझेलचे इंजिन शेताच्या कडेला नेता येत असे आणि हवे तेव्हा चालविता येत असे.

पंपाची निवड ही मात्र वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. जमिनीवर बसविलेला साधा पंप पाणी खालून ओढतो, असे आपण म्हणतो. वास्तविक तो नळातील हवेचा दाब कमी करतो आणि बाहेरील हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. हा दाब पाण्याला अधिकात अधिक सुमारे १०.३ मीटर उंच चढवू शकतो. नळातील घर्षण व सांध्यांतील गळती जमेस धरता प्रत्यक्षात सहा-सात मीटरांच्या पलीकडे भरवसा ठेवता येत नाही. उन्हाळ्यात पाण्याची पातळी दीड-दोन मीटर खाली गेली, तर हिवाळ्यात उत्तम चालणारा पंप मे महिन्यात कोरडा फिरू लागतो. अशा वेळी शेतकरी खड्डा खणून पंप खाली उतरवितो, अथवा पाण्यात बुडून चालणारा विजेचा पंप घेतो. तेव्हा कोणत्या गावात पाणी किती खोल आहे आणि उन्हाळ्यात ते कोठवर उतरते, ही माहिती यंत्राच्या माहितीइतकीच मोलाची ठरते. ती कारखान्याच्या माहितीपत्रकात छापलेली नसते.

विक्रेता काय विकतो

ही माहिती ज्याच्यापाशी असण्याचा संभव अधिक, तो म्हणजे जवळच्या बाजारपेठेतील विक्रेता. वाराणसी शहरात लोहटिया हा लोखंडी सामानाचा जुना बाजार आहे. शहराबाहेर राजातालाब, पिंडरा, चोलापूर यांसारखी गावे आसपासच्या खेड्यांची बाजाराची ठिकाणे आहेत. अशा ठिकाणच्या दुकानात इंजिन आणि पंप यांखेरीज पट्टे, वायसर, पिस्टनच्या रिंगा, नोझल, बेअरिंग, ग्लँडची दोरी आणि फूटव्हॉल्व असा किरकोळ माल टांगलेला किंवा डब्यांत भरलेला दिसतो. यातील एकेका वस्तूवर मिळणारा नफा थोडा. परंतु तीच वस्तू वेळेवर न मिळाली तर हजारो रुपयांचे यंत्र निरुपयोगी होते. दुकानाशी बहुधा एखादा फिटर जोडलेला असतो. ओळखीच्या गिऱ्हाइकाला पीक निघेपर्यंत उधारीही मिळते.

यंत्राबरोबर त्याचा वापरही शिकवावा लागतो, ही गोष्ट मराठी वाचकांना नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली आणि लोखंडी नांगर घरोघर पोहोचविले. पण त्याआधी बेळगावात त्यांचे सायकलींचे दुकान होते, आणि सायकल विकण्याबरोबर ती चालवावयास शिकविण्याचे कामही ते करीत. नांगराच्या बाबतीतही लोखंडाने जमीन बिघडते, ही शेतकऱ्यांची समजूत दूर करणे हा विक्रीचाच भाग होता. नवे यंत्र केवळ दुकानात मांडून ठेवल्याने खपत नाही; त्याच्याविषयी उत्तर देण्यास कोणीतरी समोर उभे राहावे लागते.

पूर्व उत्तर प्रदेशात विक्रेत्याने याहूनही एक मोठे काम अंगावर घेतले. पंपासाठी कर्ज आणि अनुदान मिळवावयाचे म्हणजे जमिनीचा उतारा, बँकेचे अर्ज, निरनिराळ्या कचेऱ्यांतील सह्या असा लांबचा प्रवास असे. लहान शेतकऱ्याचे त्यात कित्येक दिवस मोडत. विक्रेते ही सारी कागदपत्रे स्वतःच फिरवून आणीत आणि गिऱ्हाइकाला थेट यंत्र देत. भूजलाचे अभ्यासक तुषार शहा यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात गंगेच्या खोऱ्यातील विहिरींचा प्रसार तपासताना विक्रेत्यांच्या या कामाकडे लक्ष वेधले आहे. शासकीय योजना गावापर्यंत पोहोचण्यात दुकानदाराचा स्वार्थ उपयोगी पडला, असा हा काहीसा अनपेक्षित निष्कर्ष आहे.

मध्यस्थीची किंमत

परंतु या सेवेचा मोबदला कोणी तरी देतच असतो. अनुदान विक्रेत्याच्या हातून मिळू लागले की यंत्राची खरी किंमत किती आणि अनुदान किती, हे गिऱ्हाइकाला नीट समजत नाही. अनुदानाचा काही अंश वाढविलेल्या किमतीत जिरून जाण्याचा संभव असतो. शिवाय यादीत मान्य केलेलेच यंत्र घ्यावे लागत असल्याने तीन अश्वशक्ती पुरेशी असेल तेथे पाच अश्वशक्तीचे इंजिन गळ्यात पडू शकते. अशा इंजिनाने ताशी अर्धा लिटर डिझेल जादा जाळले आणि ते वर्षात दोनशे तास चालले, तर शंभर लिटर इंधन वाया जाते. लिटरला ९० रुपये धरल्यास हा भुर्दंड वर्षाला ९,००० रुपयांचा होतो. खरेदीच्या वेळी मिळालेली सूट तो थोड्याच काळात खाऊन टाकतो.

शेतकऱ्यांनी यावर आपल्या परीने उत्तर शोधले. गेल्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व भारतात चिनी बनावटीचे हलके पंप येऊ लागले. त्यांतील अनेकांवर भारतीय मानकाचा शिक्का नसल्याने त्यांना अनुदान नव्हते. तरीही स्वस्त, कमी इंधन खाणारे आणि सायकलवर घालून नेता येण्याजोगे म्हणून ते लोकप्रिय झाले. जुने जड इंजिन हलवावयास गाडी लागे. हलका पंप रात्री घरी आणता येतो, त्यामुळे चोरीचे भय उरत नाही. या पंपांचे आयुष्य कमी असते. पण त्यांचे सुटे भाग गावोगावच्या दुकानांत मिळू लागले, आणि त्यांच्या प्रसाराला याचाही मोठा हातभार लागला.

मोठ्या दालनाची बाजू

मोठ्या दुकानांचा दावा याच उणिवांवर उभा आहे. तेथे किंमत वस्तूवर लिहिलेली असते, पावती मिळते, निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे शेजारी शेजारी पाहता येतात. गिऱ्हाईक कोणत्या जातीचे, कोणत्या घराण्यातले, याची विचारपूस होत नाही. हा लाभ लहान समजू नये. भारतात हा प्रयोग निरनिराळ्या रूपांत झाला आहे. १९६० च्या दशकात राज्यांनी कृषी उद्योग महामंडळे स्थापन केली. महाराष्ट्राचे महामंडळ १९६५ सालचे आहे. २००२ साली डीसीएम श्रीराम कंपनीने उत्तर भारतात ‘हरियाली किसान बाजार’ या नावाची ग्रामीण दालने उघडण्यास आरंभ केला. बी-बियाणे, खते आणि सल्ला एका छपराखाली, असा त्यांचा विचार होता. पुढील दशकात कंपनीने हा किरकोळ व्यवसाय आटोपता घेतला. २०२१ साली अॅमेझॉनने शेतकऱ्यांसाठी आपल्या संकेतस्थळावर स्वतंत्र विभाग उघडला. आता फवारणी यंत्र घरबसल्या मागविता येते.

तथापि, घरपोच आलेल्या यंत्राला दुकान नसते. ते बिघडले की शेतकरी पुन्हा राजातालाबच्या फिटरकडेच जातो. आपल्याकडून न घेतलेल्या यंत्राला फिटरने प्रथम हात लावावा, अशी अपेक्षा हंगामाच्या दिवसांत करता येत नाही.

अमेरिकेतील एक नकार

हा पेच केवळ गरीब देशांतला नाही. अमेरिकेत गवत कापण्याची यंत्रे, साखळी-करवती इत्यादी माल पूर्वी मुख्यतः दुरुस्ती करणाऱ्या स्थानिक विक्रेत्यांकडे मिळत असे. १९७८ साली स्थापन झालेल्या होम डेपोसारख्या प्रचंड दालनांनी हे चित्र पालटले. २००२ साली स्नॅपर या गवतकापणी यंत्रांच्या कंपनीची सूत्रे जिम विअर यांच्या हाती होती. वॉलमार्टकडून मोठी विक्री होत असतानाही त्यांनी वॉलमार्टला माल देणे थांबविले. दरवर्षी किंमत उतरवीत गेल्यास टिकाऊ यंत्र बनविता येणार नाही, आणि ज्या विक्रेत्यांवर दुरुस्तीची भिस्त आहे ते उखडले जातील, असा त्यांचा विचार होता. जॉन डीअरने उलट मार्ग धरला आणि २००३ साली आपली काही यंत्रे होम डेपोत ठेवली. तिच्या विक्रेत्यांत त्यामुळे नाराजी पसरली. जर्मनीच्या श्टील कंपनीने आपल्या करवती अशा दालनांत मिळत नाहीत, हीच गोष्ट जाहिरातींतून अभिमानाने सांगितली.

दोन्ही मार्गांनी यंत्रे खपली. घराभोवतीचे गवत आठवडाभर वाढले तर फारसे बिघडत नाही. अशा गिऱ्हाइकाला स्वस्त यंत्र घेऊन ते मोडल्यावर टाकून देणे परवडते. वाराणसीच्या शेतकऱ्याला ते परवडत नाही. त्यातही एक बाब विसरता कामा नये. पूर्व उत्तर प्रदेशात ज्यांच्यापाशी पंप नाही ते शेजाऱ्याच्या पंपाचे पाणी तासाच्या भाड्याने घेतात. एक पंप बंद पडला की त्याच्या मालकाबरोबर हे पाणी विकत घेणारेही अडकतात. आणि त्यांची पाळी नेहमीच शेवटची असते.

खरेदीपूर्वी विचारण्याचे प्रश्न

कायद्याने गिऱ्हाइकाला काही आधार दिला आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो २०२० च्या जुलैमध्ये अमलात आला. त्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या ठिकाणच्या आयोगापुढे तक्रार नेता येते. दूरच्या विक्रेत्याच्या गावी जाण्याचे कारण राहिलेले नाही. धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यातून वगळली असली, तरी स्वतः राबून उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेले यंत्र त्यात येते. केंद्र शासनाने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयासाठी ज्या वस्तू निवडल्या, त्यांत शेतीची अवजारे आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या ‘पीएम-कुसुम’ योजनेत सौर पंप बसविणाऱ्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकलेली आहे. ही जबाबदारी कागदावर आहे. ती शेतापर्यंत येण्यासाठी जवळपास कारागीर व सुटे भाग लागणारच.

तेव्हा यंत्र कोठूनही घ्यावे, परंतु पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी पक्क्या कराव्यात. आपल्या कूपनलिकेत उन्हाळ्यात पाणी किती खोल जाते, आणि हा पंप तेथवर पोहोचेल काय? इंजिन ताशी किती इंधन घेते? वारंवार झिजणारे भाग किती अंतरावर मिळतात? हमीच्या काळात दुरुस्तीला कोण येईल, आणि त्याचे नाव पावतीवर आहे काय? अनुदान वजा करण्यापूर्वीची किंमत दुसऱ्या दुकानात किती आहे? शेवटचा प्रश्न स्थानिक विक्रेत्याला अडचणीचा वाटेल, आणि त्याआधीचे दोन मोठ्या दालनाला. दोघांनाही सर्व प्रश्न विचारावेत. हंगाम नसताना, म्हणजे भात पोटरीत असताना, खरेदी केल्यास पंप चालवून पाहण्यास आणि दोष निघाल्यास बदलून घेण्यास अवधी मिळतो. डिसेंबरात, गव्हाचा एकविसावा दिवस जवळ आला असता, असा अवधी कोणापाशीच नसतो.