फोनच्या पोटातली यादी

मैत्रिणींनो, आपल्या संसारात याद्या काही कमी नसतात. वाण्याची यादी, इस्त्रीच्या कपड्यांची यादी, हळदीकुंकवाला कुणाकुणाला बोलवायचं त्याची यादी. पण आणखी एक यादी आपण चोवीस तास पर्समध्ये घेऊन हिंडतो आणि तिची आपल्याला गंधवार्ताही नसते. ही यादी असते मोबाइलच्या त्या नखाएवढ्या सिमकार्डावर. गावाला गेल्यावर फोन एकाएकी मुका का होतो, शेजारच्या बाईचा लागतो आणि आपलाच का लागत नाही, याचं उत्तर पुष्कळदा या यादीत असतं.

ही यादी म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगते. तुम्ही शाळेत जाणाऱ्या मुलीच्या दप्तरात एक चिठ्ठी ठेवता, असं समजा. ‘शाळा सुटली की आधी घरी यायचं. घराला कुलूप असेल तर समोरच्या काकूंकडे जायचं. त्या नसतील तर मावशीकडे. पण कोपऱ्यावरच्या अमक्यांकडे मात्र अजिबात जायचं नाही.’ सिमकार्डावरची चिठ्ठी थेट अशीच असते. फोन सुरू केला की तो आधी शेवटी जिथे होता ते नेटवर्क शोधतो, मग स्वतःच्या कंपनीचं, मग कंपनीने ज्यांच्याशी करार केले आहेत त्यांचं, तेही कंपनीने लावून दिलेल्या क्रमाने. त्यातलं कुणीच सापडलं नाही तरच मिळेल त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. आणि ‘जायचं नाही’ अशांची वेगळी यादीही त्याच कार्डावर असते. एखाद्या नेटवर्कने ‘तू आमचा नव्हेस’ म्हणून दार लावलं, की फोन त्याचं नाव या दुसऱ्या यादीत टिपून ठेवतो आणि फोन बंद करून चालू केला तरी विसरत नाही. मानी स्वभावच म्हणायचा!

आता समजा, समोरच्या काकू घर बदलून हडपसरला राहायला गेल्या आणि चिठ्ठी मात्र जुनीच राहिली. मुलगी बंद दारापाशी ताटकळत उभी राहणार. शेजारी नवीन चांगलं बिऱ्हाड आलेलं असतं, पण त्याचं नाव चिठ्ठीत नाही. फोनचं तंतोतंत असंच होतं. टॉवर असतात, सिग्नल असतो, पण यादी शिळी असते.

या याद्यांत नावं नसतात बरं का, आकडे असतात. भारतातल्या नेटवर्कांचे आकडे ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतात आणि पुढे कंपनीचा व विभागाचा आकडा येतो. टेलिफोन खात्याने देशाचे जे विभाग पाडले, ते आपल्या नकाशावरच्या राज्यांसारखे नाहीत. मुंबईचा विभाग वेगळा, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एक. म्हणजे आपला पुण्याचा फोन पणजीत घरचा आणि मुंबईत पाहुणा! एअरटेलचा आपल्या विभागाचा आकडा ४०४-९०, मुंबईचा ४०४-९२ आणि कर्नाटकाचा ४०४-४५. कंपनी एकच, पण फोनच्या लेखी ही तीन वेगळी घरं. बीएसएनएलचं आणखी निराळं. मुंबईत वर्षानुवर्षं तिची मोबाइल सेवाच नव्हती, तिथे एमटीएनएल होती. त्यामुळे लोणीहून दादरला माहेरी गेलेल्या बाईच्या बीएसएनएलच्या फोनवर एमटीएनएलचं नाव झळकायचं.

पाहुणेपणाचे पैसेही पडायचे. मे २०१५ मध्ये दूरसंचार नियामकाने दर उतरवले, तरी आलेल्या फोनला मिनिटाला ४५ पैशांपर्यंत आकारता येत होते. मुंबईत बसून सासूबाईंचा फोन घ्यायचा, त्यांचं बोलणं ऐकायचं आणि वर आपणच पैसे मोजायचे! सीमेजवळच्या गावांत तर पलीकडच्या विभागाचा टॉवर जोरात असला की फोन तिकडे वळायचा आणि स्वतःच्या माजघरात बसून रोमिंग लागायचं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं ते देशभर रोमिंग फुकट देतच, आणि मग बाकीच्यांनाही ते सोडावं लागलं. पैसे गेले, पण यादी गेली नाही. फोन अजूनही विभाग ओलांडला की चिठ्ठी काढून वाचतोच.

तुमच्यापैकी अनेकींच्या घरातला पहिला मोबाइल २००३ सालचा असेल. त्या जुलैत रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ काढला आणि ५०१ रुपये भरून फोन हाती येऊ लागला. तोवर मोबाइल ही साहेबांची वस्तू होती, ती एकदम भाजीवाल्याच्या हातात दिसू लागली. हे फोन, तसेच टाटा इंडिकॉमचे, सीडीएमए नावाच्या पद्धतीचे होते आणि सुरुवातीच्या त्या फोनांत सिमकार्ड नसायचंच. यादी फोनच्याच पोटात भरलेली असायची: कुठल्या लहरींवर शोधायचं, कुणाला आधी धरायचं, कुणाला नाही. कंपनीने नवा टॉवर किंवा नवा करार केला आणि फोनमधली यादी जुनीच राहिली, तर फोनला त्याचा पत्ताच नाही. यादी बदलायची तर ती कंपनीकडूनच भरून घ्यावी लागायची. त्या काळात मर्यादित फिरतीचे फोनही होते. साधारण तालुक्याएवढ्या टापूत ते चालायचे, बाहेर गप्प. नोव्हेंबर २००३ मध्ये एकत्रित परवान्याचं धोरण आलं तेव्हा ती वेस पडली. पुढे त्या कंपन्याही राहिल्या नाहीत. रिलायन्स कम्युनिकेशन्सची बोलण्याची सेवा डिसेंबर २०१७ मध्ये बंद पडली आणि टाटांचे मोबाइल ग्राहक जुलै २०१९ मध्ये एअरटेलकडे गेले.

कंपन्यांची अशी लग्नं आणि काडीमोड झाले की याद्यांची फार ओढाताण होते. आयडिया आणि व्होडाफोन ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस एक झाल्या. आपल्या विभागात आयडियाचा आकडा ४०४-२२ आणि व्होडाफोनचा ४०४-२७. दोन्ही घरं एक झाली हे माणसांना वर्तमानपत्रातून कळलं, फोनला कोण सांगणार? ते नेटवर्कनेच सांगावं लागतं, ‘हा आकडाही आपलाच समज’ म्हणून. ज्या फोनांना हा निरोप नीट पोचतो ते जवळच्या टॉवरवर मुकाट्याने जाऊन बसतात. नाही पोचला तर फोन लांबचा आपला टॉवर धरून बसतो. बोलताना आवाज तुटतो, बॅटरी मात्र भराभर संपते.

आता आमच्या लोणी काळभोरची एक हकीगत सांगते. आमच्या गावाला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, त्यामुळे इथल्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष टँकरवर असतात. ज्या घरातला माणूस पेट्रोलचा टँकर घेऊन रात्रीचा सोलापूर रस्त्याने जातो, त्या घरच्या बाईला फोन म्हणजे काय असतं ते मी वेगळं सांगायला नको. आमच्या आळीतल्या एका वहिनींचे यजमान सीमेकडच्या भागात माल पोचवायला गेले. तिथे कर्नाटकातलं नेटवर्क जोरात होतं. सोबतच्या क्लीनरने सेटिंगमध्ये जाऊन तेच हाताने निवडून दिलं, म्हणजे बोलणं नीट व्हावं. झालंही नीट. पण परतीला गाडी सीमेपासून लांब आली तशी फोनवर ‘सेवा नाही’ अशी अक्षरं आली ती आलीच. इकडे धाकट्या मुलाला ताप, आणि ह्यांचा फोन रात्रभर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. सकाळी गाडी डेपोच्या फाटकात शिरेपर्यंत त्या माउलीने पाण्याचा घोट घेतला नव्हता.

पुढचं ऐका. यजमान फोन घेऊन एका दुकानात गेले. दुकानदाराने फोन उलटासुलटा केला आणि सांगून टाकलं, ‘आतला भाग गेलाय, नवीन घ्या.’ आठ-नऊ हजारांचा फोन दाखवलासुद्धा! वहिनी पैशांसाठी भिशीचा हप्ता मोडायला निघाल्या होत्या. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या नववीतल्या मुलीने तो फोन हातात घेतला, सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क उघडलं, नेटवर्क निवडण्याच्या जागी ‘आपोआप’ केलं आणि फोन बंद करून चालू केला. मिनिटही लागलं नसेल. फोनचा काहीही भाग गेलेला नव्हता. एकदा हाताने नाव निवडून दिलं की पुष्कळसे फोन त्याच दारात बसून राहतात, घर समोर दिसलं तरी उठत नाहीत.

म्हणून माझं सांगणं असं, की प्रवासाहून आल्यावर फोन गप्प असेल तर दुकानाची पायरी चढण्याआधी एवढं घरीच पाहावं. नेटवर्कची निवड ‘आपोआप’वर आहे ना? नसेल तर करावी. विमानाचं चित्र असलेलं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवून पुन्हा काढावं, किंवा फोन बंद करून चालू करावा, म्हणजे तो चिठ्ठी पहिल्यापासून वाचतो. त्यानेही भागलं नाही तर कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहावं. तिथेही मुकं राहिलं तर दुखणं कार्डाचं किंवा जोडणीचं, आणि तिथे बोलू लागलं तर फोनचं. ही परीक्षा दुकानदाराच्या तोंडावर फेकायला फार उपयोगी पडते! नेटवर्कची सगळी सेटिंग पुसून टाकण्याची सोयही फोनमध्ये असते, पण त्याने घरच्या वायफायचे पासवर्डही जातात. तेव्हा ते आधी लिहून ठेवलेले बरे.

कार्डावरची कंपनीची यादी आपल्याला बदलता येत नाही. ती कंपनी हवेतूनच बदलते. आपल्याला न दिसणारा, न वाजणारा एक संदेश येतो आणि कार्डावर नवी यादी लिहून जातो. फोन दिवसेंदिवस बंद ठेवलेला असेल तर हा निरोप पोचायला वेळ लागतो. आजेसासूबाईंचा डब्यात ठेवलेला, फक्त एकादशीला काढायचा फोन असतो ना, त्याची गत अशीच होते. कार्डही फार जुनं झालेलं असलं तर कंपनीच्या दुकानातून नवं घ्यावं. नंबर तोच राहतो.

इथे एक धोक्याची सूचना, आणि ती जरा दोनदा वाचा. ‘तुमचं सिम अपडेट करायचंय, नेटवर्क बंद पडेल, आलेला नंबर सांगा’ असा कुणी फोन केला तर तो भामटा समजावा. यादी बदलायला कंपनीला तुमच्याकडून कुठलाही ओटीपी लागत नाही. तसंच ४०१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा फिरवायला कुणी सांगितलं तर फिरवू नये. त्याने आपले येणारे फोन दुसरीकडे वळवले जात आणि बँकेचे निरोप चोराच्या कानी पडत. हे प्रकार इतके वाढले, की आकडा फिरवून फोन वळवण्याची ती सोय सरकारने १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला लावली. तरी भामटे नव्या युक्त्या काढतातच. पैसे गेलेच तर लाजत बसू नये, ताबडतोब १९३० ला फोन करावा.

लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या आयांसाठीही दोन शब्द. तिथे आपल्या कंपनीचा टॉवर नाही, तेव्हा सगळी भिस्त यादीवरच. निघण्यापूर्वी परदेशी रोमिंग सुरू करून घ्यावं आणि घेतलेलं पॅक तिथल्या कुठल्या कुठल्या नेटवर्कवर चालतं ते विचारून कागदावर लिहून घ्यावं. त्याबाहेरच्या नेटवर्कवर फोन गेला तर साध्या दराने बिल येतं आणि तो दर आपल्याला परवडणारा नसतो. अमेरिकेत आणखी एक अडचण आहे. तिथे एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये जुनं थ्रीजी बंद केलं आणि व्हेरायझनने २०२२ च्या अखेरीस सीडीएमए. त्यामुळे यादीत नाव असूनही जुना फोन तिथे बोलत नाही. जावयाला आधीच विचारून घ्यावं, त्यात कमीपणा कसला?

फोनवर ‘फक्त आणीबाणीचे फोन’ असं दिसलं, तर त्याचा अर्थ टॉवर समोर आहे पण तो आपल्या यादीतला नाही, किंवा त्याने आपल्याला आत घेतलेलं नाही. अशा वेळीही ११२ लागतो. त्या एका फोनासाठी कुठल्याही कंपनीचा टॉवर दार उघडतो. टँकरवाल्या वहिनींना हे ठाऊक नव्हतं, त्यांच्या यजमानांनाही नव्हतं. जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभ्या केलेल्या सुमारे २७ हजार टॉवरांवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिघांच्याही ग्राहकांना जागा देण्याची योजना सुरू झाली आहे. डोंगरातल्या आणि आडबाजूच्या गावांत माहेर असणाऱ्यांना याचा उपयोग व्हावा. तिथे जाताना फोन ‘आपोआप’वरच असू द्या.

मात्र सगळा दोष यादीवर टाकून चालत नाही. जिथे टॉवरच नाही, मध्ये डोंगर आहे, किंवा घराचं छप्पर पत्र्याचं आहे, तिथे यादी कितीही ताजी असली तरी काय करणार? आणि गर्दीचं तर औषधच नाही. आषाढीला तुकोबांची पालखी पुण्याहून निघून आमच्या लोणी काळभोरला मुक्कामाला येते. त्या रात्री फोनवर सगळ्या कांड्या भरलेल्या दिसतात आणि फोन काही लागत नाही, कारण त्याच टॉवरपाशी हजारो वारकऱ्यांचे फोन रांगेत उभे असतात. आमच्याकडच्या बायका त्या दिवशी फोनच्या नादी लागत नाहीत. चुकामूक झाली तर कुठल्या दुकानापाशी उभं राहायचं ते घरून निघतानाच ठरवतात, आणि मुलांच्या खिशात घरचा नंबर लिहिलेली खरीखुरी चिठ्ठी घालतात.